काचेवरची अंडी

मास्तरांना गाडी चालवता येत नाही असं कोणी म्हटलं नसतं. पण मास्तरांना गाडी चालवताना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस शोधायला निघालात तर संध्याकाळ झाली असती. पंचवीसेक वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते, आणि शिकवणारा स्टिअरिंगसमोर बसत नाही, बाजूला बसतो. त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच असतो. वेग वाढवायची सोय त्याला दिलेली नसते. ही रचना ज्याने कोणी काढली, त्याने विचार करूनच काढली असणार.

त्यामुळे थांबवण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आणि निघण्याचा जवळजवळ शून्य. समोर कोणीही काही सुरू केलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतायचा. बायको स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायला लागली, की पाय. शेजारी नोकरी सोडून दुकान टाकायचं म्हणाला, की पाय. बायको म्हणायची, "अहो, फरशी खाली जाईल एक दिवस."

स्कूल सासऱ्यांचं. सासऱ्यांना सगळे मालक म्हणत. मास्तरही मालकच म्हणत, जेवतानासुद्धा. तरुणपणी मास्तर या स्कूलमध्ये शिकायला आले होते. परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले आणि पेढ्यांऐवजी मालकांना विचारायला गेले की आता पुढे काय. मालकांनी विचारलं, "लायसन्स घेऊन जाणार कुठे आहेस?" मास्तरांनी लायसन्स उलटून मागची बाजू बघितली. "मग बस इथेच," मालक म्हणाले. ते बसले. दोनेक वर्षांनी लग्नही तिथेच बसल्याबसल्या झालं. एकुलती एक मुलगी, घर मोठं, वर एक खोली रिकामी. घरजावई हा शब्द मालकांनी घरात कधी उच्चारू दिला नाही. त्याऐवजी ते 'वरच्या खोलीतले' असं म्हणत. शब्द सौम्य होता. अर्थ जिन्याने रोज खाली-वर करायचा.

शिकवण्याचा रस्ताही ठरलेला. फाटकातून बाहेर, इस्पितळाच्या भिंतीला धरून, मैदानाला वळसा, टपाल कार्यालयाच्या चौकातून परत फाटक. सगळा कारभार दुसऱ्या गिअरमध्ये. मैदानाच्या लांब बाजूला धीट विद्यार्थ्याला तिसरा टाकू देत. तेवढ्यात मैदान संपायचं. इतक्या वर्षांत मास्तरांनी जेवढं अंतर कापलं त्यात पृथ्वीला एखादी प्रदक्षिणा सहज झाली असती, असं एका गणिताच्या शिक्षकाने क्लच दाबता दाबता त्यांना सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, "आरशात बघा."

त्यांची शिकवायची एक पद्धत होती, आणि ती मालकांनीच त्यांना घालून दिली होती: चूक सांगायची नाही. शिकणाऱ्याला ती स्वतःला दिसली पाहिजे, म्हणजे जन्मभर विसरत नाही. औषधांच्या दुकानातल्या बाई हँडब्रेक न सोडता अर्धा रस्ता गाडी ओढत नेत. गाडी कण्हायची, जळका वास सुटायचा. मास्तर शांतपणे विचारायचे, "काय राहिलं?"

"इंडिकेटर?"

"बघा."

"आरसा?"

"बघा की."

"मास्तर, वास येतोय हो कसलातरी!"

"हं. कशाचा?"

बाईंना चूक सापडायची, पण तोवर ब्रेकचं काय व्हायचं ते झालेलं असायचं. पद्धत मात्र अचूक होती.

अशा माणसाच्या आयुष्यात वयाच्या पन्नाशीला एक वाट फुटली. एका संस्थेचा फिरता दवाखाना होता. मोठी पांढरी गाडी, आत तपासायची खोली, औषधांची कपाटं. आठवडाभर दूरदूरच्या वस्त्यांना जायचं, एका ठिकाणी एक दिवस. त्या गाडीला ड्रायव्हर हवा होता, आणि केसपेपर लिहायला, लोकांना रांगेत बसवायला एक बाई. जोडपं असेल तर उत्तम, कारण राहायला खोल्या होत्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई काही वर्षांपूर्वी मास्तरांकडेच शिकल्या होत्या. त्यांनी बोलावून घेतलं, दोघांशी बोलल्या आणि म्हणाल्या, "एक तारखेला हजर व्हा."

बाहेर आल्यावर बायको पायरीवरच बसली. स्कूलच्या टेबलावर बसून तिने बापाचे फोन घेण्यात निम्मं आयुष्य घालवलं होतं. "रोज वेगळं गाव," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाली. मास्तरांनी त्या गाडीचं स्टिअरिंग बघून घेतलं होतं. केवढं मोठं होतं! बाजूच्या सीटपाशी पाय ठेवायला नुसती रिकामी जागा. ब्रेक नाही, क्लच नाही, काही नाही.

आता मालकांना सांगणं आलं.

मालकांना सांगणं म्हणजे आधी मालकांचा मूड बघणं, आणि मालकांचा मूड त्यांच्या माशांवर असायचा. बाहेरच्या खोलीत भिंतीशी त्यांची काचेची टाकी होती. तीत इतर किरकोळ प्रजा होती, पण राज्य दोन एंजल माशांचं. त्रिकोणी, चपटे, काळ्या पट्ट्यांचे, लांब पंखांचे. विकणाऱ्याने जोडी म्हणून दिलेले. गेली कित्येक वर्षं ते एकमेकांकडे पाठ करून पोहत होते, अंडी म्हणून नाहीत, पण मालक पाहुण्यांना ठासून सांगायचे, "जोडी आहे." पाहुणे मास्तरांकडे आणि त्यांच्या बायकोकडे बघून घाईघाईने विषय बदलायचे. वरच्या खोलीतही मूल नव्हतं. मालकांच्या ते लक्षात यायचं नाही, असं समजून चालण्याची घरात पद्धत होती.

तर मालकांना खूश करायला मास्तरांनी मासेवाल्याकडून टाकीत लावायचं एक हिरवंगार झाड आणलं. रुंद पानांचं, महागातलं. मालकांनी ते स्वतःच्या हाताने वाळूत रोवलं, लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि विचारलं, "काय पाहिजे?"

मास्तरांनी सांगितलं. बायकोने दाराआडून साथ दिली. मालक टाकीकडे बघत म्हणाले, "जा. माझं काय! स्कूलला दुसरा मास्तर मिळेल. फक्त टाकीची व्यवस्था लावून जा."

परवानगी इतकी सहज मिळेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. बायकोने त्याच दिवशी बॅग काढून पुसली.

आणि महिना संपत आला असताना एका सकाळी मालकांची हाक आली. ती हाक मास्तरांना जिन्यात ऐकू आली आणि त्यांचा पाय तिथल्या तिथे रुतला.

टाकीच्या मागच्या काचेवर, नव्या झाडाच्या जरा वर, बोटाच्या पेराएवढं काहीतरी चिकटलं होतं. पारदर्शक, चिकट, आत बारीक बारीक दाणे. त्याच्यासमोर एक एंजल स्थिर उभा होता.

"अंडी," मालक म्हणाले. "घातली शेवटी. अगं ए, इकडे ये! बघ, पहारा देतेय कशी!"

बायको आली, वाकली. "बाबा, हे चिकट चिकट काय आहे?"

"अंडी चिकटच असतात. तुला काय माहीत?"

हे वाक्य त्या घरात जसं पडायचं तसं पडलं. बायको सरळ झाली आणि आत गेली. मालकांना त्यातलं काही कळलं नाही. ते काचेला नाक लावून होते. मास्तरांना कळलं.

त्या दिवसापासून घराचं बाळंतघर झालं. टाकीवर जुनी चादर आली, माशांना एकांत हवा म्हणून. मिक्सर बंद, कारण कंपनं जातात. स्कूलची गाडी फाटकाशी आली तरी हॉर्न वाजवायचा नाही. एका शिकाऊ मुलीने वाजवला तर मालक अनवाणी बाहेर धावले. खोलीतून जाताना चपला हातात घ्यायच्या. मास्तरांनी भीत भीत विचारलं, "मालक, एक तारीख..." मालक म्हणाले, "हो हो, जायचंच आहे तुम्हाला. पिल्लं बाहेर पडू देत. मग मी तुम्हाला धरून ठेवणार नाही."

'पिल्लं बाहेर पडू देत' हे त्यांनी इतक्या मऊपणे म्हटलं, की त्यावर भांडण काढता येईना. मालक ओरडले असते तर सोपं होतं.

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून आठवडाभराची मुदत मागितली. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "घरात जरा नाजूक आहे." बाई आपुलकीने म्हणाल्या, "अरे वा, काळजी घ्या." त्यांचा काय समज झाला असेल ते मास्तरांच्या उशिरा लक्षात आलं, आणि ते दुरुस्त करायलाही त्यांना जमलं नाही.

अंडी आहेत तशीच राहिली. मालकांनी हीटर वाढवला. मास्तरांना काही राहवेना. दुपारी दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात ते मासेवाल्याकडे गेले. अरुंद, दमट दुकान, चहूबाजूंनी टाक्या, पंपांची बुडबुड. मासेवाला जाळीने एका गिऱ्हाइकाचे मासे पकडत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "एकेक सुटे आहेत की गोळ्यात?"

"गोळ्यात."

"वर जेलीसारखं?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"आठवडा होत आला."

मासेवाल्याने आता मान वर केली. "मास्तर, एंजलची अंडी अशी नसतात. ती पानावर नाहीतर काचेवर ओळीने मांडते, एकेक सुटं, शिवणयंत्राने टाके घातल्यासारखं. आणि दोन-तीन दिवसांत सोक्षमोक्ष. एकतर पिल्लं, नाहीतर पांढरी पडून बुरशी. जेलीतली चकती म्हणजे गोगलगाय."

"टाकीत गोगलगाय नाही."

"नवीन झाड लावलं का काही?"

मास्तर पंपाच्या बुडबुड्यांकडे बघू लागले.

"मग झालं तर. पानाखाली चिकटून आली असणार. दिवसा वाळूत दडते. आणि ती एकटी असली तरी पुरते, तिला जोडीबिडी लागत नाही." जाळीतला मासा पिशवीत सोडत तो म्हणाला, "झाड कुठून घेतलंत?"

"तुमच्याकडूनच."

"हं," मासेवाला म्हणाला आणि पिशवीत हवा भरू लागला. थोड्या वेळाने त्याने पुस्ती जोडली, "भिंग घेऊन बघा. आत बारीक वळी दिसायला लागली की समजा शंख."

मास्तरांनी भिंग घेतलं. मालक दुपारी पडल्यावर चादर उचलून बघितलं. प्रत्येक दाण्यात एक ठिपका होता, आणि डोळ्यांना सवय झाल्यावर त्या ठिपक्याला एक वळसाही होता. एक तर हळूच फिरलासुद्धा.

क्षणभर त्यांना हलकं वाटलं. पिल्लं नव्हतीच, म्हणजे वाट बघायला काही उरलं नव्हतं. उद्या निघता येईल. वर जाऊन बायकोला सांगावं म्हणून ते जिन्यापाशी गेले, आणि पहिल्याच पायरीवर थांबले. सांगायचं म्हणजे मालकांना सांगावं लागणार. झाड कोणी आणलं? मास्तरांनी. कशासाठी आणलं? इथून सुटायला. आणि तुमची जोडी, मालक, अजूनही पाठ करूनच पोहतेय. हे वाक्य त्या तोंडावर कोण म्हणणार होतं?

मग त्यांना आपली पद्धत आठवली, आणि बरं वाटलं. चूक सांगायची नाही; दिसू द्यायची. मालकांचीच शिकवण. ते स्वतः बघतील, स्वतः ओळखतील, आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही. त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. तिला सांगितलं तर ती बोलून टाकेल, ही भीती.

मालक उठल्यावर मास्तरांनी काच बाहेरून लख्ख पुसली, दिवा नीट केला आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

"बघा मालक. काय दिसतंय?"

मालकांनी एक डोळा मिटला. "जीव दिसतोय."

"कसा दिसतोय?"

"हलतोय. वा!"

"आकार बघा."

"गोल."

"गोल, पण कसा गोल? नीट बघा."

"शेपूट गुंडाळून झोपलंय रे!" मालकांचे डोळे भरून आले. "पोटात असंच असतं पोर. शेपूट गुंडाळून." त्यांनी भिंग मुलीकडे दिलं. तिने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि काही न बोलता ते परत केलं. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला दिसलं का? दिसलं असेल तर बोलत का नाही? की तीही कोणाला तरी स्वतःहून दिसायची वाट बघतेय? हे विचारण्यासाठीही आधी आपल्याला काय दिसलं ते सांगावं लागलं असतं.

मुदतीचा आठवडा संपला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. मास्तर गाडीत होते, बाजूच्या सीटवर. औषधवाल्या बाई मैदानाला वळसा घालत होत्या. "सोमवारी नक्की ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "त्यापुढे मला थांबता येणार नाही, मास्तर. वस्त्यांवरचे लोक वाट बघतात."

"सोमवारी नक्की," मास्तर म्हणाले. रविवारपर्यंत मालकांना दिसेलच, असा त्यांनी हिशेब केला होता. फोन ठेवल्यावर औषधवाल्या बाई म्हणाल्या, "कुठे निघालात का मास्तर?"

"अजून ठरलं नाही."

"तुम्ही गेलात तर मला कोण शिकवणार? दोनदा नापास झालेय मी!"

"मीही झालो होतो," मास्तर म्हणाले. बाईंना ते फार धीर देणारं वाटलं.

रविवारी सकाळी मालकांनी चादर उचलली आणि ते किंचाळले. मास्तर आणि बायको दोघंही धावले. काचेवरची जेली फाटली होती, पोकळ दिसत होती. आणि तिच्या आसपास, पानांवर, पाइपावर, वाळूच्या कडेला, मोहरीएवढ्या गोगलगायी संथपणे चालल्या होत्या. पुष्कळ होत्या. कोणालाही दिसल्या असत्या.

मास्तर मनातल्या मनात म्हणत होते, आता बघा. बघा की, मालक.

मालकांनी बघितलं. "खाल्ली," ते म्हणाले. "हलकटांनी माझी अंडी खाल्ली."

मास्तरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"बघ ना, फस्त केलीत! एवढ्या गोगलगायी आल्या कुठून? आपण चादर टाकून बसलो शहाण्यासारखे, आणि आत हा धिंगाणा!" ते खुर्चीत बसले. पंख्याचा वारा नको, पाणी नको, काही नको. त्यांच्या घरात खरोखरच कोणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. अशा चेहऱ्यापुढे मास्तरांच्या तोंडून ब्र निघेना.

सोमवारी मास्तर चिमटा घेऊन गोगलगायी वेचत होते. मालकांनीच बसवलं होतं. हात कोपरापर्यंत पाण्यात, समोर काच, काचेपलीकडे एंजल मासे; त्यातला एक त्यांच्या बोटांना पान समजून टोचत होता. एक गोगलगाय काढली की पानामागून दोन निघायच्या. बायको दोनदा येऊन दारात उभी राहून गेली. बाहेर जायचे कपडे घातले होते. तिसऱ्यांदा आली तेव्हा घरातले कपडे घातले होते.

"अहो," तिने विचारलं, "आज ना?"

"एवढं झालं की..." मास्तर म्हणाले.

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी मालक जरा सावरलेले होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मी विचार केला. एकदा घातली म्हणजे ती पुन्हा घालणार. आता आपल्याला कळलंय काय काळजी घ्यायची ते. तुम्ही जा खुशाल, मी अडवत नाही. फक्त पुढची खेप नीट पार पडू दे."

बायकोने मास्तरांकडे बघितलं. तिने डोळे हलवलेही नाहीत. आणि कधी नव्हे ते, कोणाच्या सूचनेची वाट न बघता, मास्तरांच्या तोंडून निघून गेलं:

"मालक, ती अंडी माशांची नव्हती. गोगलगायींचीच होती. मी आणलेल्या झाडावरून आली."

मालकांनी टाकीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"तुम्हाला कधी कळलं?" हा प्रश्न मालकांनी नाही, बायकोने विचारला.

"मासेवाल्याकडे गेलो त्या दिवशी."

"म्हणजे पहिल्याच आठवड्यात."

"हो."

"मी बॅग भरून बसले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, मला एकटीलाच तसं दिसतंय. मला वाटलं, मला काय माहीत असणार."

मालक म्हणाले, "अरे पण मग जायचंत! मी काय दाराला कुलूप घातलं होतं?"

"तुम्ही म्हणालात, पिल्लं बाहेर पडू देत."

"मी सतरा गोष्टी म्हणतो. म्हातारा माणूस आहे मी. तुला माहीत होतं ना पिल्लं नाहीत ते? हजर कधी व्हायचंय?"

"काल."

"काल?" मालक खरोखरच चकित झाले. "आणि मला कोणी सांगितलं का काल म्हणून? गोगलगायी काय, आजही वेचता आल्या असत्या!"

मास्तरांना त्या क्षणी फार विचित्र वाटलं. इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं, की या घरात मालकांच्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे आणि आपली गाडी त्यानेच थांबते. आता मालक पाय उचलून दाखवत होते. खाली फरशी होती, पांढरी, झाडलेली. त्यावर काहीही नव्हतं.

"लावा फोन," बायको म्हणाली. ते लावेनात, तेव्हा तिनेच नंबर लावून त्यांच्या हातात दिला.

डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "मास्तर, काल वाट बघितली आम्ही. घरचं कसं आहे? सगळं ठीक?"

खोटं बोलायला उत्तम जागा होती. कितीतरी नाजूक गोष्टी जुळवता आल्या असत्या. मास्तर म्हणाले, "बाई, आमच्या टाकीत अंडी दिसली होती. माशांची समजून घरात थांबलो. ती गोगलगायींची निघाली. मला ते आधीच कळलं होतं. तरी थांबलो."

मग बाई म्हणाल्या, "मला पुन्हा सांगू नका. ड्रायव्हरची जागा काल संध्याकाळी भरली. मुलगा तुमच्याच हाताखाली शिकलाय, म्हणून विश्वासाने घेतला. इथलाच आहे, घरून येऊन-जाऊन करणार." त्या थांबल्या. "केसपेपरच्या बाईंची जागा आहे अजून. खोल्याही रिकाम्याच आहेत. त्या येणार असतील तर उद्या सकाळी गाडी तुमच्याच बाजूने जाणार आहे. विचारता का त्यांना? की तुम्हीच सांगता?"

त्या बाईंनी साध्या सोयीसाठी विचारलं होतं. त्यांच्यापुरता तो प्रश्न सरळ होता. मास्तर फोन कानाला लावून उभे. 'ती कशी येईल एकटी' हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. इतकं तयार, की ते आपलं नाही असं त्यांना वाटून गेलं. मालक बघत होते. बायको बघत होती, पण काही मागत नव्हती. कोणी तिच्यातर्फे उत्तर देणार, याची तिला चांगली सवय होती.

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "तुला विचारतायत."

"काय?"

"येतेस का म्हणून. माझी जागा गेली. तुझी आहे."

तिने हात पदर शोधत असल्यासारखे पुसले, फोन घेतला, आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "येते. किती वाजता उभी राहू?"

त्या दिवशी मालकांनी एकदाच विचारलं, "आणि स्कूलचे फोन कोण घेणार?" त्यावर लेकीने सांगितलं, "वाजला की उचलायचा, बाबा. अवघड नाही." बॅग भरलेलीच होती, तिने त्यातले मास्तरांचे कपडे तेवढे बाहेर काढून पलंगावर ठेवले, नीट घडी करून. मास्तर पलंगाच्या कडेला बसून होते.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण ते तिकडे जाऊन बघीन. इथे रागावायला बसले तर पुन्हा राहून जाईल. आणि रविवारी सुट्टी असते. यायचं असेल तर बस असते म्हणे."

"बघतो," मास्तर म्हणाले. तिने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की ते म्हणाले, "येतो."

सकाळी पांढरी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरून मास्तरांच्या पाया पडायला वाकला, त्याला मास्तरांनी मध्येच धरला. त्याने बॅग मागे ठेवली. ती पुढे बसली, ड्रायव्हरशेजारी, काच पूर्ण खाली करून. म्हणाली, "बाबा हीटर वाढवतील. तुम्ही कमी करत जा." गाडी सुरू झाली. पोराने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मागून येणारी सायकल जाऊ दिली आणि मग अलगद रस्त्यावर घेतली. मैदानाच्या कडेने तिसरा टाकलेला मास्तरांना आवाजावरून कळला. थोड्या वेळाने चौथाही. चूक काढायला कुठेच जागा नव्हती.

"गेली का?" आतून मालकांनी विचारलं.

"गेली."

मग मालक म्हणाले, "ये आत. फिल्टरच्या मागे आणखी एक चकती दिसतेय. कोणाची आहे ते तू सांग. मी काही बोलत नाही."

मास्तर आत गेले, बाह्या वर केल्या आणि हात पाण्यात घातला.